तोच नाच, दोन दारं : महाराष्ट्रातल्या डान्सबार बंदीचं प्रकरण

समजा, एक मुलगी आहे, हिंदी सिनेमातलं एक गाणं आहे आणि त्या गाण्यावरचा चारेक मिनिटांचा नाच आहे. ऑगस्ट २००५ नंतर हा नाच तिने पनवेलच्या किंवा घाटकोपरच्या परमिट रूममध्ये केला असता, तर तो गुन्हा होता. बार चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. तोच नाच, तेच कपडे, त्याच हालचाली तिने तीन तारांकित हॉटेलात किंवा फक्त सभासदांना प्रवेश असलेल्या जिमखान्यात केल्या असत्या, तर गुन्हा नव्हता. उलट त्याला पर्यटनवाढ आणि सांस्कृतिक उपक्रम अशी नावं कायद्यातच तयार होती.

सार्वजनिक नीतिमत्ता कशाला म्हणायचं, यावर आपल्याकडे बोलणं पुष्कळ होतं. बहुतेक वेळा ते ‘संस्कृती’ आणि ‘स्वातंत्र्य’ या दोन शब्दांच्या झटापटीत संपतं. डान्सबारचं प्रकरण तसं संपवता येत नाही. इथे नीतिमत्तेच्या नावाने कायदा झाला, तो दोनदा बदलला, तीनदा सर्वोच्च न्यायालयात अडकला, आणि या सगळ्यात हजारो बायकांची रोजीरोटी गेली ती गेलीच. शिवाय या प्रकरणात बंदीच्या बाजूने उभे राहिलेले सगळेच ढोंगी नव्हते आणि विरोधात उभे राहिलेले सगळेच स्वातंत्र्यवीर नव्हते. बारमालकांची संघटना स्त्रीस्वातंत्र्याच्या गोष्टी बोलायला लागते तेव्हा ऐकणाऱ्याने जरा सावध व्हावं, एवढं तर आहेच.

काय घडलं

मार्च २००५. विधानसभेत रायगड जिल्ह्यातल्या डान्सबारचा विषय शेतकरी कामगार पक्षाचे आमदार विवेक पाटील यांनी काढला. तरुण पोरं बरबाद होताहेत, घरं मोडताहेत, ही तक्रार होती. तिला पार्श्वभूमी होती. नवी मुंबईच्या आसपासच्या गावांत जमिनींना भाव आला होता. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या भाताची खाचरं होती तिथे एकदम रोकड आली होती, आणि महामार्गालगतचे बार त्या रोकडीची वाट पाहत होते.

उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री होते आर. आर. पाटील, सगळ्या महाराष्ट्राचे आबा. त्यांनी मुंबईबाहेरचे डान्सबार बंद करण्याची घोषणा केली. लगेच प्रश्न आला, मुंबईतल्या बारनी काय पुण्य केलंय? काही दिवसांतच बंदी राज्यभर करायचं ठरलं. आधी वटहुकमाचा रस्ता धरला. राज्यपाल एस. एम. कृष्णा यांनी तो सही न करता परत पाठवला. मग जुलैच्या अधिवेशनात विधेयक आलं आणि एकमताने मंजूर झालं. मुंबई पोलीस कायदा, १९५१ मध्ये दोन नवी कलमं बसली, ३३अ आणि ३३ब. पहिल्याने खाणावळी, परमिट रूम आणि बिअर बारमध्ये कुठल्याही प्रकारच्या नाचाला बंदी केली. दुसऱ्याने नाट्यगृहं, सभासदांचे क्लब, जिमखाने आणि तीन वा त्याहून अधिक तारे असलेल्या हॉटेलांना तीतून सोडवलं.

त्याच आठवड्यात २६ जुलैचा पाऊस झाला. मुंबईचं पाणी ओसरून तीन आठवडे होतात न होतात, तोच स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर बंदी लागू झाली.

आबांच्या हेतूवर शंका घेण्याचं मला कारण दिसत नाही. ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान उभं करणारा हा माणूस होता. तिथे त्यांनी लोकांच्या सवयींना हात घातला तो बक्षिसं लावून, गावागावांत चुरस निर्माण करून. उघड्यावर बसणाऱ्याला तुरुंगात टाकून गाव स्वच्छ होत नाही, हे त्यांना चांगलं कळत होतं. डान्सबारच्या बाबतीत मात्र त्यांनी थेट बंदीचा दांडका उचलला. एकाच माणसाच्या हातून सामाजिक सुधारणेचे हे दोन मार्ग निघावेत, हे या प्रकरणातलं एक कोडं आहे.

एकाच पोत्यात तीन गोष्टी

कायद्याच्या उद्देशिकेत सरकारने काय म्हटलं होतं? हे नाच स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे आहेत, ते सार्वजनिक नीतिमत्ता बिघडवतात, आणि या जागा वेश्याव्यवसायासाठी आणि बायकांच्या शोषणासाठी वापरल्या जातात. वाचताना हे सगळं एकच म्हणणं वाटतं. पण सुटं करून पाहिलं तर या तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि प्रत्येकीला निराळा इलाज लागतो.

शोषण होत असेल तर ते कोण करतो ते शोधावं लागतं. मुलगी अल्पवयीन आहे का, तिला कोंडून ठेवलंय का, तिच्या पैशातला वाटा कोण खातो. या सगळ्यासाठी तेव्हाही कायदे होते. अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा १९५६ पासून होता, अश्लील कृत्यांसाठी भारतीय दंड विधानाचं कलम २९४ होतं. शोषणाच्या तक्रारीत गुन्हेगार शोषण करणारा असतो. शोषित बाईचं काम काढून घेणं हा त्यावरचा उपाय कसा, हे सरकारने कधीच नीट सांगितलं नाही.

प्रतिष्ठेची तक्रार आणखी अवघड आहे. प्रतिष्ठा कोणाची? नाचणाऱ्या बाईची असेल, तर तिचं काय म्हणणं आहे हे विचारावं लागतं. ‘स्त्रीजाती’ची असेल, तर काही बायकांच्या चुलीवर पाणी ओतून बाकीच्यांचा मान राखायचा, असा त्याचा अर्थ होतो.

राहिली नीतिमत्ता. ती नासते म्हणजे काय होतं? पाहणारा बिघडतो, असं उत्तर असेल तर बिघडणारा आहे गिऱ्हाईक. पण बंदीने गिऱ्हाइकाला काही केलं नाही. तो दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर बसून त्याच ब्रँडची दारू पिऊ शकत होता. दारू सरकारच्याच परवान्याची होती, आणि त्याच बारमध्ये त्याच बायका वेट्रेस म्हणून पेले आणून देऊ शकत होत्या, माइकवर गाऊही शकत होत्या. फक्त नाचायचं नाही. दारू नीतिमान, वाढणारी नीतिमान, गाणारी नीतिमान, पायात ताल आला की नीतिमत्ता कोसळली! उच्च न्यायालयाने पुढे याच विसंगतीवर बोट ठेवलं.

या तीन तक्रारी वेगळ्या केल्या असत्या तर कदाचित तीन छोटे, नेमके उपाय निघाले असते. एकाच पोत्यात घातल्यामुळे पोतं जड झालं, आणि ते कोणाच्या पाठीवर पडलं हे उघड आहे.

कोणाचं काय पणाला होतं

न्यायालयासमोर आलेल्या आकडेवारीनुसार राज्यात परवानाधारक डान्सबार ३४५ होते, आणि विनापरवाना सुमारे २,५००. बारबालांची संख्या ७५,००० च्या वर सांगितली गेली. यातला मधला आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. अडीच हजार विनापरवाना बार चोरून चालत नव्हते. रंगीत दिव्यांच्या माळा लावून, दाराशी दरवान उभा करून, हमरस्त्यावर चालत होते. असलेला कायदा ज्या यंत्रणेने धाब्यावर बसू दिला, तिच्याच हातात आणखी कडक कायदा देणं म्हणजे हप्त्याचा दर वाढवून देणं. बंदीनंतर नेमकं तेच झाल्याचं बारच्या धंद्यातले लोक सांगत. यात नवल काय?

नाचणाऱ्या बायकांबद्दल तोवर वर्तमानपत्रांतून दोनच चित्रं फिरत होती. एक पिचलेली अबला, दुसरी नोटांच्या गादीवर लोळणारी. एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने आणि ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ या गटाने मिळून ५० बारमधल्या ५०० बायकांशी बोलून पाहणी केली. तिच्यातून तिसरंच चित्र पुढे आलं. पुष्कळशा बायका नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतून आलेल्या होत्या. राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातल्या बेडिया, नट, कंजर अशा जमाती. राजेरजवाड्यांचा, जमीनदारांचा आश्रय संपला, मुजरा संपला, आणि मुंबईचा बार हा त्यांचा पुढचा आश्रयदाता झाला. काहीजणी मुंबईतल्याच. गिरण्या बंद पडलेल्या, नवरा सोडून गेलेला, पदरी पोरं. बहुतेकींच्या कमाईवर अख्खं घर चालत होतं.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही बायकाच होत्या, हे मात्र विसरता येत नाही. ज्यांचे नवरे पगाराचं पाकीट बारमध्ये रिकामं करून येत, ज्यांचे मुलगे बापाने विकलेल्या जमिनीचे पैसे एका पावसाळ्यात उडवून बसले, त्या बायकांचा राग खोटा नव्हता. त्यांना सनातनी म्हणून झटकून टाकणं सोपं आहे आणि चूक आहे. त्यांचं हित हेही व्यक्तीचंच हित आहे. म्हणजे इथे व्यक्ती विरुद्ध समाज अशी लढत नव्हतीच. एका बाईची भाकरी आणि दुसऱ्या बाईची भाकरी यांच्यामध्ये एक पुरुष उभा होता, आणि कायद्याने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

दारूच्या बाबतीत महाराष्ट्राने या दुसऱ्या बाईसाठी एक वाट काढली आहे, ती म्हणजे ‘आडवी बाटली’. गावातल्या किंवा वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीच्या चिन्हापुढे शिक्का मारला तर तिथलं दारूचं दुकान बंद होतं. या पद्धतीत खोट आहेच. एवढ्या बायकांना एका दिवशी मतदानाला आणणं महाकठीण, आणि दुकानदार काही गप्प बसत नाही. पण तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे. नीतिमत्ता कोणाची, त्रास कोणाला आणि किती जणींना, हे तिथे मोजावं लागतं. डान्सबारच्या बाबतीत असं काही मोजण्याची गरज कोणालाच वाटली नाही. मंत्रालयाने समाजाच्या वतीने लाज वाटून घेतली. अर्थात, मतदान घेऊन एखादीचा नाच बंद करता यावा का, हा प्रश्न त्यानंतरही उरलाच असता. दारूचा धंदा हा मूलभूत हक्क नाही असं न्यायालयांनी मानलं आहे. नाचण्याबद्दल तसं कोणी म्हटलेलं नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप

स्त्री चळवळीतल्या सगळ्यांनी बंदीला विरोध केला, अशी समजूत आज पसरलेली दिसते. ती खरी नाही. मुंबईतले अनेक गट बारबालांच्या बाजूने उभे राहिले. वर्षा काळे यांच्या नेतृत्वाखालची भारतीय बारगर्ल्स युनियन रस्त्यावर आली, वकील फ्लेव्हिया अॅग्नेस कोर्टात उभ्या राहिल्या. पण राज्यात बंदीचं स्वागत करणाऱ्या स्त्री संघटनाही होत्या, आणि दलित स्त्रीवादी मांडणीतून आलेला आक्षेप तर सगळ्यात टोकदार होता.

तो थोडक्यात असा. नाचणाऱ्या बायका ठरावीक जातींच्याच का? बघणारे पुरुष कोणत्याही जातीचे, नाचणारी मात्र जन्माने ठरलेली. पिढीजात कामाला ‘निवड’ आणि ‘व्यवसायस्वातंत्र्य’ म्हणायचं असेल, तर मैला वाहण्याला काय म्हणाल? १९३६ च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी वाघ्या, मुरळी, जोगतिणी, देवदासी अशांसमोर भाषण केलं होतं आणि ते जिणं सोडून द्यायला सांगितलं होतं. खायचं काय, या प्रश्नावर त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. हाल सोसावे लागतील, पण हे सोडा, असंच त्यांचं सांगणं होतं. त्या परंपरेत वाढलेल्या कार्यकर्तीला डान्सबारमधल्या ‘कमाईचं स्वातंत्र्य’ हा शब्दप्रयोग बोचणारच.

या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जातीने नेमून दिलेल्या कामात बाई तरबेज झाली, चार पैसे मिळवू लागली, म्हणून ते काम जातीचं राहत नाही असं म्हणता येत नाही. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. बाबासाहेब आपल्या माणसांशी बोलत होते, त्यांना आत्मसन्मानाची हाक देत होते, आणि मागे एक चळवळ उभी होती. पोलिसांच्या गाडीत कोंबून दिलेला आत्मसन्मान ही वेगळीच चीज आहे. जातीच्या कामातून बाहेर काढायचं तर आधी दुसरं दार उघडावं लागतं. २००५ मध्ये सरकारने दार फक्त लावून घेतलं. पुनर्वसनाचा विषय निघाला तेव्हा यातल्या बहुतेकजणी परप्रांतीय आहेत, राज्याची जबाबदारी नाही, असा सूर लागला. म्हणजे नीतिमत्ता राखताना त्या महाराष्ट्राच्या होत्या, पोट भरताना परक्या.

कोर्टाच्या पायऱ्या

मुंबई उच्च न्यायालयात हॉटेल व्यावसायिकांची संघटना, बारगर्ल्स युनियन आणि स्त्री संघटना अशा अनेकांच्या याचिका एकत्र आल्या. १२ एप्रिल २००६ रोजी न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो आणि न्यायमूर्ती रोशन दळवी यांनी दोन्ही कलमं घटनाबाह्य ठरवली. आधार दोन : अनुच्छेद १४, म्हणजे कायद्यापुढे समानता, आणि अनुच्छेद १९(१)(छ), म्हणजे कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क.

इथे घटनेच्या मजकुरातली एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. भाषण आणि अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर जे निर्बंध घालता येतात, त्यांच्या यादीत ‘सभ्यता किंवा नीतिमत्ता’ हे शब्द स्पष्ट आहेत. व्यवसायाच्या हक्कावरच्या निर्बंधांत ते शब्द नाहीत. तिथे ‘सर्वसाधारण जनतेचं हित’ आहे. म्हणजे कोणाचा धंदा बंद करायचा असेल तर तो मला अनैतिक वाटतो एवढं म्हणून भागत नाही, जनतेचं कोणतं हित साधतं ते दाखवावं लागतं. सरकारने यातून वाट काढण्यासाठी जुनी शिडी लावली. जुगार, दारू यांसारखे धंदे मुळात ‘व्यापार’च नाहीत, त्यांना हक्काचं संरक्षण नाही, हे तत्त्व. १९५७ साली चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुगाराबद्दल ते मान्य केलं होतं, आणि तो खटलाही आपल्या मुंबई राज्याचाच. (त्यानंतर १२ वर्षांनी महाराष्ट्राने स्वतःची लॉटरी सुरू केली, हे जाता जाता.) नाच मात्र त्या रांगेत बसत नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

निकालाला स्थगिती मिळाली आणि प्रकरण दिल्लीत गेलं. तिथे सात वर्षं गेली. बंदी चालूच. १६ जुलै २०१३ रोजी सरन्यायाधीश अल्तमस कबीर आणि न्यायमूर्ती एस. एस. निज्जर यांनी उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. पंचतारांकित गिऱ्हाइकाची चारित्र्यशक्ती साध्या बारमधल्या गिऱ्हाइकापेक्षा वरच्या दर्जाची असते, हे गृहीतक न्यायालयाला अजिबात पटलं नाही. बंदीमुळे बेकार झालेल्या कित्येक बायकांना पोटासाठी वेश्याव्यवसायाकडे वळावं लागलं, म्हणजे जे टाळायचं म्हणून कायदा केला तेच घडलं, हेही निकालात आलं. आपल्याकडे म्हणतात तसं, रोगापेक्षा इलाज जालीम.

याच निकालात एका समितीचा उल्लेख येतो, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. डिसेंबर २००४ मध्ये, म्हणजे बंदीच्या घोषणेच्या चार महिने आधी, सरकारनेच नियमांचा फेरविचार करायला एक समिती नेमली होती. तिने शिफारशी केल्या होत्या. नाचाच्या जागेभोवती ३ फूट उंचीचा कठडा, कठडा आणि गिऱ्हाईक यांत ५ फूट अंतर, एका वेळी आठच नर्तकी, अंगावर पैसे उधळायला मनाई. रुक्ष, कारकुनी गोष्टी. पण अशाच गोष्टींनी बाईच्या अंगाला हात लागायचा थांबतो. हे करून पाहिलं आणि जमलं नाही, असं सरकार म्हणू शकलं असतं तर बंदीच्या बाजूने काही बोलता आलं असतं. पण हे करून पाहिलंच नाही. कमी दुखापतीचा उपाय हाताशी असताना थेट पाय कापला.

न्यायालयांनी सार्वजनिक नीतिमत्तेची व्याख्या मात्र केली नाही. त्यांनी तिच्या नावाने वापरलेलं हत्यार तपासलं. टीकाकारांना ही पळवाट वाटते. मला ती शहाणपणाची वाटते. बारा कोटींच्या राज्यात नीतिमत्तेची एक व्याख्या लिहून ठेवली तर पुढच्या सरकारच्या हातात ती आयती काठी झाली असती.

दौलतजादा

यात आणखी एक गाठ आहे, आणि ती खास मराठी आहे. बारमध्ये नाचणारीवर नोटा उडवणं हे विकृतीचं लक्षण म्हणून अनेकदा सांगितलं गेलं. पण या गोष्टीला मराठीत फार जुना आणि मानाचा शब्द आहे, दौलतजादा. तमाशाच्या फडात, संगीतबारीत रसिकाने पैसे द्यायचे, बाईने त्याचं नाव घेऊन त्याच्या फर्माईशीची लावणी म्हणायची, ही आपल्याकडे कलेला दाद देण्याची रीत. कोल्हाटी समाजातल्या किती घरांची चूल त्यावर पेटली.

तमाशालाही हा फेरा चुकला नव्हता. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली, मग दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती बसली, वग आणि लावण्या तपासून घेण्याची अट आली, आणि धुऊनपुसून झालेला तमाशा पुन्हा बोर्डावर उभा राहिला. आज सरकार लावणी महोत्सव भरवतं. एकेकाळी ज्या पायांना घरंदाज माणूस बघायला लाजायचा, त्याच पायांतल्या घुंगरांना आपण आता परंपरा म्हणतो. सार्वजनिक नीतिमत्ता दगडावरची रेघ नाही, याचा याहून चांगला दाखला कुठे शोधायचा? गंमत म्हणजे करमणुकीच्या जागांना परवाना देणाऱ्या १९६० च्या ज्या जुन्या नियमांखाली डान्सबार येत, त्यांच्या शीर्षकातच कॅबरे, मेळे आणि तमाशे शेजारी शेजारी बसलेले आहेत. कागदावर तरी ही एकाच घरातली भावंडं.

म्हणून बार आणि फड एकच, असं मी म्हणत नाही. बारमधला नाच ही लावणीच्या तोडीची कला आहे असा दावा तिथल्या बायकांनीही क्वचितच केला. पण कलेच्या दर्जावरून रोजगाराचा हक्क ठरवायला लागलो, तर लग्नाच्या वरातीतले अर्धे बॅंडवाले उपाशी मरतील.

त्यानंतर

जून २०१४ मध्ये विधानसभेने नवी दुरुस्ती केली. न्यायालयाने भेदभाव म्हटलं ना? मग सगळीकडेच बंदी, तारांकित हॉटेलांतही. चर्चा न होता काही मिनिटांत मंजूर. समतेचा इतका शब्दशः अर्थ क्वचितच कोणी लावला असेल. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिलाही स्थगिती दिली. सरकार बदललं, पक्ष बदलले, भूमिका तीच राहिली. एप्रिल २०१६ मध्ये देवेंद्र फडणवीस सरकारने स्वतंत्र कायदा आणला. आता नाव होतं अश्लील नृत्याला प्रतिबंध आणि महिलांच्या प्रतिष्ठेचं संरक्षण. बंदी नव्हती, अटी होत्या. शाळा आणि प्रार्थनास्थळांपासून १ किलोमीटर अंतर. मुंबईच्या नकाशावर अशी जागा शोधून दाखवावी, समुद्र सोडून. नाच असेल तिथे दारू नाही. आत सीसीटीव्ही. परवाना मागणारा ‘चांगल्या चारित्र्याचा’ हवा. त्या जुन्या समितीचा तीन फुटी कठडाही बारा वर्षांनी इथे उगवला.

१७ जानेवारी २०१९ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री आणि न्यायमूर्ती अशोक भूषण यांनी चाळण लावली. १ किलोमीटरची अट गेली, दारूबंदी गेली, सक्तीचा सीसीटीव्ही गेला, चांगलं चारित्र्य गेलं. अश्लील नाचाची व्याख्या राहिली, संध्याकाळी ६ ते रात्री साडेअकरा ही वेळ राहिली, बायकांशी लेखी करार आणि पैसे बॅंकेत जमा करणं राहिलं. पैसे उधळायला मनाई कायम, हातात टिप द्यायला मोकळीक. समाजाच्या मापाने जे अनैतिक नसेल ते राज्याने स्वतःच्या नैतिक कल्पनेतून समाजावर अनैतिक म्हणून लादू नये, असं न्यायालयाने या वेळी स्पष्ट म्हटलं. २००५ पासून एकाही डान्सबारला परवाना मिळालेला नाही, याचीही निकालात नोंद आहे.

हे शेवटचं वाक्य मला बाकीच्या निकालापेक्षा जास्त खरं वाटतं. कागदावर बायका तीनदा जिंकल्या. २००५ मध्ये विशीत असलेली बाई २०१९ मध्ये पस्तिशी ओलांडून गेली होती, आणि या धंद्यात पस्तिशी म्हणजे निवृत्ती. तिच्यापुरता हा खटला ती हरली.

मधल्या वर्षांत ‘ऑर्केस्ट्रा बार’ नावाचा प्रकार रुजला होता. गाण्याचा परवाना असतो, नाचाचा नसतो. चार बायका माइक घेऊन उभ्या राहतात. त्यातली एखादीच गाते. रेड पडली की पोलिसांना आरशामागे, भिंतीच्या पोकळीत लपवलेल्या बायका सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. प्रतिष्ठेचं संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या राज्यात बाई तासन्‌तास कपाटाएवढ्या जागेत श्वास रोखून उभी असते.

या ऑर्केस्ट्रांवरही अट होती, मंचावर चार पुरुष आणि चारच स्त्रिया. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. एकूण आठ ही मर्यादा ठेवली, त्यात किती बाया आणि किती बापे हे सरकारने सांगायचं नाही. आता आठही जणी बायका असू शकतात. फक्त त्यांनी गायचं.